तारमास्तरने गाळलेला मजकूर

ग्वापिनोल,
३ जुलै २००२

चि. दिल्सिया,
अ. आ. (म्हणजे अनेक आशीर्वाद. तारेत शब्द मोजायची सवय, पेन्शनीत पण सुटत नाही. — निकानोर)

मी बोलतेय आणि निकानोर लिहितोय, नेहमीसारखं. तारऑफिस बंद होऊन अकरा वर्षं झाली, तरी हा माणूस कानावर पेन्सिल लावूनच फिरतो. सकाळी समोरच्या घरातून येतो, माझी कॉफी पितो आणि वर सांगतो की कॉफीत दम नाही. (नव्हताच. — नि.)

पाऊस रोज चारला येतो आणि पाचला जातो, सरकारी नोकरासारखा. हौद काठोकाठ आहे. तू आणून दिलेलं कासव मजेत आहे. आम्ही त्याला मेयर म्हणतो, कारण दिवसभर बसतो, खातो, आणि कुणी काही विचारायला गेलं की मान आत.

या आठवड्यात अकरा पोटं चोळली. बहुतेक एंपाचोच, कच्चे आंबे आणि शिळे बीन्स आतड्याला चिकटून बसलेले. एक ट्रकवाला तर वाकून चालत आला आणि शिट्टी मारत गेला. माझ्या हाताखालून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी जेवायला मागतो, हे तुला सांगायला नको. तू चार वर्षांची असताना तुझ्या आईनं तुला असंच पोट धरून आणलं होतं. तुला सतापीचं तेल लावून चोळलं, तर तू माझ्याच मांडीवर झोपलीस आणि उठून केळी मागितलीस.

आता कामाचं. गावात ताप शिरलाय. कर्णा लावलेली गाडी फिरते, डेंगू डेंगू असं ओरडते आणि पुढचं काही ऐकू येत नाही, कारण त्यांनी गाणं मोठं लावलेलं असतं. तू इस्पितळात नर्स आहेस. तूच एकदा नीट कळव, काय बघायचं, कशाला घाबरायचं. लोक आधी माझ्या दारात येतात, इस्पितळ नंतर.

पंचवीस तारखेला सांतियागोची जत्रा आहे. येतेस, की यंदा पण ड्यूटी?

इथून निघालेली माया बसच्या टपावर टाकलेली नाही, आत खिडकीपाशी बसवून पाठवलीय. जपून उतरवून घे, आणि परतीच्या बसनं थोडी तुझी पण पाठव.

तुझी मावशी,
लेओकादिया



एल प्रोग्रेसो,
७ जुलै

ती. मावशीस,
सा. न. (दॉन निकानोर, तुमच्यासाठी आखूड केलाय. एरवी साष्टांग असतो.)

पत्र चेपेनं बस थांबवून हातात दिलं. उशीर झाला म्हणून प्रवासी ओरडत होते, तर तो त्यांना म्हणाला की आई मेलेल्या पोरीला पत्र आलंय, गप्प बसा. आई जाऊन सहा वर्षं झाली, मावशी. चेपेला ते अजून कालचं वाटतं.

वॉर्डात एका खाटेवर दोघं झोपताहेत. माझे पाय संध्याकाळी असे होतात की घरमालकीण म्हणते बूट कापून काढू का. तू विचारलंस ते बरं केलंस, सविस्तर सांगते. दॉन निकानोर, हळू वाचा.

डेंगूचा ताप चोरपावलांनी येत नाही. सकाळी माणूस कुंपण घालत असतो आणि दुपारी अंगावर मका भाजून घ्यावा असा तापतो. डोकं दुखतं, पण खरी खूण म्हणजे डोळ्यांच्या मागं दुखतं, डोळा फिरवला तरी कळ येते. हाडं उखळात घालून कुटल्यासारखी होतात. मळमळतं, तोंडाची चव जाते, दोन-चार दिवसांनी अंगावर लाल पुरळ उठतं. अशा माणसाला पाणी पाजायचं, नारळाचं, सरबत, मीठसाखरेचं, तो नको म्हणाला तरी. ताप उतरवायला फक्त पॅरासिटामॉल. दुकानातली ॲस्पिरिन नाही म्हणजे नाही, त्यानं रक्त वाहतं. इंजेक्शन पण टोचून घ्यायचं नाही. आणि झोपवायचं मच्छरदाणीत, दिवसा सुद्धा, नाहीतर त्याला चावलेला डास पुढं शेजाऱ्याला चावतो.

आता जे सांगते ते सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडं माणसं ताप चढलेला असताना फारशी दगावत नाहीत. ताप उतरल्यावर दगावतात. चौथ्या-पाचव्या दिवशी अंग गार पडतं, घरचे मेणबत्ती लावतात, कोंबडी कापतात, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोटात जोराचं दुखायला लागतं. उलटी थांबत नाही. हिरड्यांतून नाहीतर नाकातून रक्त येतं, परसाकडला काळं होतं. हातपाय गार आणि ओलसर. माणूस एकतर गळून पडतो, नाहीतर एका जागी बसवत नाही, उगाच उठतो-बसतो, चिडतो. यातलं एक जरी दिसलं तरी उद्यावर टाकायचं नाही. जे वाहन मिळेल त्यानं आणायचं. त्या वेळी सलाईन लागलं तर माणूस चार दिवसांत घरी जातो. एक रात्र गेली तर मग आमच्या हातात पण फारसं काही उरत नाही.

मेयरवर विसंबू नकोस. तो पाण्यातल्या अळ्या खातो, पण डासीण अंडी घालते पाण्याच्या वर, हौदाच्या भिंतीला. तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी उपसायचं, ब्लीचमध्ये साबणाची पावडर कालवून आतून भिंतींना चोळायची, थोडा वेळ तशीच ठेवायची, मग खरखरीत ब्रशनं घासून धुवायची. तेवढ्या वेळ मेयरला बादलीत ठेव.

मावशी, आता जे लिहितेय ते लिहिताना हात अडतोय. ताप येऊन गेलेल्या माणसाचं पोट दुखत असेल तर ते एंपाचो समजू नकोस. चोळू नकोस. आत यकृत सुजलेलं असतं, रक्त गोठायचं विसरलेलं असतं. दाबलं की आतल्या आत वाहतं. परवा एक बाई आली, दोन दिवस कुणीतरी चोळत होतं, जुलाबाचं औषध पण दिलं होतं. ती राहिली नाही. चोळणारी तुझ्यासारखीच कुणीतरी असणार, चांगल्या मनाची, गरम हातांची. तुझ्या हाताला मी नावं ठेवत नाहीये. त्याच हातानं मी वाढलेय. पण या एका दुखण्यात तो हात मागं घे.

आणि एक. तुझ्या पत्राच्या शेवटी तू जे लिहितेस ना, मायेचं, ते मी फाडून उशीखाली ठेवते. समोर असलीस की तू एवढं बोलत नाहीस. आई गेल्यापासून मी त्या दोन ओळींवर आहे.

जत्रेला जमेल असं वाटत नाही. माझ्या वाट्याची भाजलेली कणसं दॉन निकानोरना द्या, आणि आठवण काढताना उचकी लागेल एवढी तरी काढा.

तुझीच,
दिल्सिया



ग्वापिनोल,
११ जुलै

चि. दिल्सिया,
अ. आ.

तुझं पत्र निकानोरनं वाचून दाखवलं, दोनदा. दुसऱ्यांदा शेजारची रामोना आणि तिची सून पण ऐकायला बसल्या होत्या. तापानंतरच्या खुणा मी पाठ केल्यात. पोट, उलटी, रक्त, गार पाय, चुळबुळ. निकानोर म्हणतो की ही तारच झाली, पाच शब्दांत.

हौद घासला. ब्लीचनं माझ्या बोटांची सालं निघाली. मेयर बादलीत बसून इतका रागावला की दोन दिवस मान बाहेर काढली नाही. शेजारचे बघायला आले, आता तेही घासताहेत, पण म्हणतात लेओकादियाला वय झाल्यावर स्वच्छतेचा झटका आलाय.

एक गोष्ट मनाला लागली, चांगल्या अर्थानं. एवढं सगळं हे करू नका ते करू नका लिहिलंस, पण माझ्या चोळण्याबद्दल एक अक्षर नाही. मी निकानोरला म्हटलं, बघ, पोरगी शिकली, पांढरे बूट घातले, तरी या हाताला मान देते. मोलिनाची बायको तापातून उठली होती, पोटात दुखत होतं, मी परवा चोळलं. आज नदीवर धुणं धूत होती.

पूर्वी तुमचे डॉक्टर यायचे आणि मला अडाणी बाई म्हणून जायचे, ते मी विसरलेले नाही. तू तसली नाहीस.

दारातल्या पेरूवर तुझ्या उंचीची खूण अजून आहे, झाड वाढलं तशी ती रुंद झालीय. तू येशील तेव्हा वाकून बघावी लागेल. तोवर आमच्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी,
लेओकादिया

(यापुढचं माझं आहे, दिल्सिया. ती मक्याच्या पोळ्या भाजायला आत गेलीय. तो चोळण्याचा परिच्छेद मी वाचला नाही. सुरुवात केली होती, पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पुढच्या ओळीवर गेलो. ती हात मांडीवर ठेवून बसली होती, ठेवणीतल्या भांड्यांसारखे. तिच्याजवळ दुसरं काय आहे? सवडीनं सांगेन. मोलिनाच्या बायकोवर मी नजर ठेवून आहे, दिवसातून दोनदा काहीतरी उसनं मागायला जातो. — नि.)



एल प्रोग्रेसो,
१४ जुलै

दॉन निकानोर यांस,
न.

हे पाकीट बंद करून तुमच्या नावानं देतेय. रागावले आहे, म्हणून नमस्कारसुद्धा एका अक्षराचा.

तार पोचवणाऱ्यानं तार गाळायची नसते. हे मी तुम्हाला सांगायचं? मोलिनाबाईचं नशीब थोर. पुढच्याचं नसेल. ज्या दिवशी कुणाचं पोट मावशीच्या हाताखाली फुटेल, त्या दिवशी तिच्याजवळ काय उरेल, याचा विचार केलात का? तुम्ही तिचा मान वाचवताय असं तुम्हाला वाटतं. तिला मान देणं म्हणजे तिला खरं सांगणं. ती रडेल, भांडं आपटेल, तुम्हाला आठवडाभर कॉफी देणार नाही. दुसरीकडं प्या.

जत्रेच्या आधी वाचून दाखवा. पूर्ण. माझ्या शब्दांत, तुमच्या नाही.

तुमच्यावर रागावलेली, आणि तुमच्याशिवाय जिचं पान हलत नाही ती,
दिल्सिया



ग्वापिनोल,
१८ जुलै

चि. दिल्सिया,
अ. आ.

नदीनं पुलाच्या अलीकडचा रस्ता खाल्लाय. चेपेची बस पलीकडं आणि आम्ही अलीकडं. दुकानातला फोन विजा पडल्यापासून मुका आहे. हे पत्र रस्ता सुटेल तेव्हा निघेल, तोवर शिळं झालेलं असेल.

निकानोरला ताप आलाय, परवापासून. म्हणतो डोळ्यांच्या मागं कुणीतरी खिळा ठोकतंय. त्याला माझ्याच घरात खाट टाकून मच्छरदाणीत घातलाय, बघ तूच सांगितलेलं. नारळाचं पाणी पाजतेय, गोळी फक्त तू म्हणालीस तीच. मच्छरदाणीतून हात बाहेर काढून हे लिहितोय. मी म्हटलं राहू दे, तर म्हणाला की तू दुसरा कुणी लेखनिक ठेवशील. (ठेवेल. ही बाई निष्ठावान नाही. — नि.)

लोक विचारतात की तो तुझ्या घरात का. मी म्हणते, त्याच्या घरी त्याला पाणी कोण देणार, तारेचे खांब?

अक्षर तिरकं गेलंय ते तो आडवा पडून लिहितोय म्हणून. आता पुरे, तो झोपू दे.

पाऊस थांबला की माया वाळत घालू, तोवर ओलीच पाठवतोय. ती तशीच जवळ धर.

तुझी मावशी,
लेओकादिया

(तुझं पाकीट मिळालं. तू म्हणतेस ते खरं. हा ताप उतरला की त्याच दिवशी वाचून दाखवतो. — नि.)



२२ जुलै, सोमवार
इस्पितळाच्या बाहेरचा बाक

दिल्सिया

मी लिहितेय. मीच. तिसरीपर्यंत शाळा, त्यामुळं हसू नकोस. पेन्सिल निकानोरची आहे, त्याच्या कानावरून काढली.

तू आत आहेस म्हणतात, वॉर्ड सोडून येता येत नाही. शिपाई मला आत सोडत नाही. विचारतो, हा म्हातारा तुमचा कोण लागतो. काय सांगू. नवरा नाही, भाऊ नाही. मी म्हटलं माझं अक्षर आहे. तो हसला, पण एवढा कागद आत नेतो म्हणाला. म्हणून लिहितेय, डॉक्टरला वाचून दाखव.

ताप मंगळवारी दुपारी आला. शनिवारपर्यंत होता. काल रविवारी उतरला. मी खूश झाले. मोंडोंगोचं सूप केलं, वजडी घालून, गल्लीत वाटलं. त्यानं दोन घास खाल्ले. आज पहाटे उजव्या बाजूला पोटात कळ. चार उलट्या झाल्या. मी म्हटलं एंपाचो, माझंच मोंडोंगो चिकटलं. तेल तापत ठेवलं. मला त्या पाच खुणा पाठ होत्या ना. पण आपलं माणूस असलं की खुणा दुसऱ्यांसाठी असतात. आणि पोट म्हटलं की माझे हात आधी पुढं होतात, डोकं मागून.

हात पोटाला लावणार तर त्यानं मनगट धरलं. म्हणाला लेओ, नको. मला वाटलं लाजतोय. मी म्हटलं अख्ख्या गावाची पोटं बघितलीत, तुझं काय सोन्याचं आहे का. तर सोडेचना. म्हणाला, डब्यातलं पत्र काढ, मी गाळलंय, तू स्वतः वाच. आणि मग त्याच्यानं बोलवेना.

मी वाचलं. बोट ठेवून, एकेक अक्षर. तेल तापून धूर आला, मग गार झालं, तरी माझं वाचून होत नव्हतं. शेवटाकडं तो तुकडा आला जो मी ऐकला नव्हता. मग उठून त्याचं तोंड उघडायला लावलं. हिरड्या लाल. उशीखाली रुमाल सापडला, त्यावर रक्त होतं, लबाडानं लपवलेला. पाय मेयरसारखे गार. आणि सारखा ऊठ-बस, ऊठ-बस, मला टोपी दे म्हणाला, ऑफिसला उशीर होतोय.

रस्ता आजच सुटला. चेपेनं मागच्या सीटवर झोपवला आणि मध्ये कुठं थांबला नाही, लोक हात करत राहिले. अठरा तारखेचं पत्र पण याच बसनं आलंय, सोबत देतेय.

त्याच्या पोटाला मी हात लावलेला नाही. हे डॉक्टरला नक्की सांग.

तो वाचेल का तेवढं कळव. पूर्ण कळव. गाळू नकोस.

लेओकादिया



(तपासणीच्या कागदाच्या पाठीमागे)
२२ जुलै, दुपार

मावशी,

पूर्ण कळवते. रक्त घट्ट झालंय, त्यातला पातळ भाग शिरांतून बाहेर झिरपतोय. प्लेटलेट खूप खाली आहेत. रक्तदाब उतरलाय, नाडी हाताला जेमतेम लागतेय. दोन्ही हातांना सलाईन लावलंय. आजचा आणि उद्याचा दिवस अवघड आहे. परवा सकाळी लघवी नीट झाली आणि पाय गरम झाले तर सुटले म्हणायचं. तोवर कुणीच काही सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही.

डॉक्टरांनी तुझा कागद वाचला. विचारलं की तारखा इतक्या नीट कुणी लिहिल्या. मी म्हटलं माझ्या मावशीनं. पोट चोळलेलं नाही हे त्यांनी फाइलवर लिहिलंय, खाली रेघ मारून.

तू जमिनीवर बसू नकोस. शिपायाला सांगितलंय, तो कॉफी देईल. त्यात दम नसेल. पी.

दि.



एल प्रोग्रेसो, वॉर्ड, खिडकीची खाट
२६ जुलै

प्रिय लेओकादिया,

सप्रेम नमस्कार, विनंती, विशेष. सगळे शब्द पूर्ण लिहितोय बघ.

तुझ्यासाठी मी हजार पत्रं लिहिली, तुला एकही नाही. तेव्हा हे तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं नाहीये. चेपेच्या बसनं घरी पोचेल तेव्हा हळू वाच, मी कुठं जात नाही. उद्या सोडतील. पाय गरम आहेत, दिल्सिया दर तासाला धरून बघते आणि म्हणते की कासवासारखे आता लागत नाहीत. ही तुलना कुणाची ते मला कळलंय.

मी तार वाचून दाखवायचो तेव्हा एक युक्ती होती, तुला माहिती नसेल. कुणी गेल्याची तार आली की मी आधी म्हणायचो, बरं नाहीये. मग पाणी द्यायचो. मग म्हणायचो, फार बरं नाहीये. असं करत करत माणसाला कडेपर्यंत न्यायचं आणि मग कागद त्याच्या हातात द्यायचा. तीस वर्षं लोकांनी मला त्याबद्दल दुवा दिला. त्यात मला वाटायला लागलं की किती खरं कुणाला सोसेल हे मला कळतं. तुझ्या बाबतीत तर मी पहिल्या पायरीवरच थांबलो. आणि मोलिनाच्या बायकोचा जीव तिथंच टांगून ठेवला. माझाही.

तू रागावली असशील. पण त्या सकाळी तू तेल बाजूला ठेवून पत्र वाचत बसलीस. मी मच्छरदाणीतून बघत होतो. ओठ हलत होते. मला पोटात सुऱ्या लागत होत्या आणि तरी वाटत होतं की हे असंच थोडा वेळ चालू राहावं.

जत्रेची कणसं ठेवली असशील तर दोन पुरेत.

रागातून थोडी जागा रिकामी होईल तेव्हा मला तिथं बसू दे.

तुझा शेजारी,
निकानोर



ग्वापिनोल,
४ ऑगस्ट

चि. दिल्सिया,
अनेक आशीर्वाद. (मोजले नाहीत.)

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. निकानोर समोर बसून कॉफी पितोय आणि कागदाकडं बघायचं नाही अशी त्याला ताकीद आहे. बारीक झालाय, पँट दोरीनं बांधतो. भूक मात्र परत आलीय, मेयरच्या वरताण.

आधी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं की मीठ कुठं आहे, मी सांगितलं, तिथं अबोला मोडला.

माझ्या दारात लोक येतात तसे येतात. पण आता बाकावर बसल्याबरोबर मी हात एप्रनला पुसत नाही, आधी विचारते. गेल्या आठवड्यात ताप होता का. कधी उतरला. पाय दाखव, तोंड उघड. ताप येऊन गेला असला तर पोटाला हात नाही, सरळ चेपेची बस. परवा रामोनाच्या सुनेला असं पाठवलं. ती रुसली, म्हणाली लेओकादिया आता मोठी डॉक्टरीण झाली, हात लावायला लाजते. मी म्हटलं हो, झाले, चल बस. तिला तुमच्याकडं ठेवून घेतलं ना, मला चेपेनं सांगितलं. बाकी मुरगळलेले पाय, आखडलेल्या माना, खरोखरचे कच्चे आंबे, यांना माझे हात पूर्वीसारखेच आहेत. मोलिनाच्या बायकोकडं जाऊन माफी मागून आले. ती म्हणाली कशाबद्दल. मी पूर्ण सांगितलं. तिनं उठून मला एक कोंबडी दिली. कशाबद्दल ते मला अजून कळलेलं नाही.

आता शेवटचं, आणि हे लिहायलाच मी बसलेय.

त्या दिवशी तुझं पत्र वाचलं तेव्हा तो तुकडा वाचून थांबले नव्हते. त्याच्या खालचं पण वाचलं, उशीखाली ठेवतेस ते. तेही मला वाचून दाखवलेलं नव्हतं. तेव्हा वेळ नव्हता. घरी आल्यावर डबा काढला. निकानोरला पत्राची आधी कच्ची नक्कल करायची सवय आहे, तारमास्तर ना. सहा वर्षांच्या नकला आहेत. रोज दोन वाचते.

दिल्सिया, बसच्या खिडकीपाशी बसवलेली माया, पेरूवरची खूण, ओली माया, हे मी कधीच सांगितलं नव्हतं. मी सांगायचे की संपलं, खाली नाव घाल. बाकीचं तो आपल्या मनानं घालायचा. तुला वाईट वाटेल म्हणून हे गाळणार होते. मग आठवलं की गाळून काय होतं ते.

मी त्याला विचारलं, का रे. म्हणाला, तू सांगायचीस तेव्हा पत्राला शेवट नसायचा, आणि ती पोरगी तिथं एकटी.

मी पेरूपाशी गेले. तुझ्या उंचीची खूण खरंच आहे. चाकूनं मीच केली होती, तू सात वर्षांची होतीस. मी विसरले होते. त्याला कुठून माहिती? तो म्हणतो की समोरच्या घरातून दिसायचं, दर वाढदिवसाला मी तुला झाडाला टेकवून उभी करायचे. तेव्हा त्यानं लिहिलेलं खोटं नव्हतं. फक्त माझ्या तोंडचं नव्हतं.

माझ्या तोंडचं एवढंच आहे, मला त्याच्यासारखं येत नाही. तुझी खाट मी रोज झाडते. कुणी येणार नसलं तरी.

ये.

तुझी मावशी,
लेओकादिया

(हे मी सांगितलं आणि मीच लिहिलं. उशीखाली ठेवायचं तर हे ठेव. — ले.)